तुटलेली तार आणि गप्प रेडिओ

नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी उचलून काही किलोमीटर दूरच्या टेकडीवरील जलकुंभात ते चढवणाऱ्या पाणीपुरवठा योजनेत एक प्रश्न रोज पडतो : टाकीत पाणी किती आहे हे पंपाला कसे समजावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर माणूस हे होते आणि दुसरे तांब्याची केबल. रस्त्याच्या खोदाईत तुटणारी, चोरीला जाणारी आणि पावसाळ्यात विजेचा तडाखा थेट पॅनेलपर्यंत आणणारी ती केबल परवडेनाशी झाली, तेव्हा तिसरे उत्तर पुढे आले, ते म्हणजे औद्योगिक बिनतारी रेडिओ. पॅनेलमधल्या पट्टीवर बसणारी ही एक लहान पेटी असते. तिच्या एका बाजूला अँटेनाची जोडणी आणि दुसऱ्या बाजूला तारा आवळण्याचे टर्मिनल असतात. बाहेरच्या जगाकडून संकेत घेणारे टर्मिनल म्हणजे इनपुट आणि बाहेरच्या यंत्राला संकेत देणारे टर्मिनल म्हणजे आउटपुट. टाकीवरच्या पेटीच्या इनपुटवर जे घडते ते जॅकवेलवरच्या पेटीच्या आउटपुटवर उमटावे, अशी मूळ अपेक्षा असते.

ही पेटी तारेची जागा घेत असली तरी ती तारेसारखी वागत नाही. तांब्याच्या तारेला एक गुण जन्मतः असतो : ती तुटली की प्रवाह शून्य होतो आणि पलीकडच्या यंत्राला ते त्याच क्षणी समजते. रेडिओ प्रवाह पाठवत नाही. तो एका विशिष्ट क्षणी मोजलेला आकडा पाठवतो, आणि पुढचा आकडा आलाच नाही तर पलीकडच्या टर्मिनलवर आधीचाच आकडा, काहीही बिघडले नसल्यासारखा, उभा राहू शकतो. टाकी साडेतीन मीटर भरलेली असताना संपर्क तुटला तर जॅकवेलच्या दृष्टीने ती तासन्‌तास साडेतीन मीटरच भरलेली राहते आणि पंप चालूच राहतो. तारेकडे आपोआप असलेला हा प्रामाणिकपणा रेडिओला सेटिंगमधून द्यावा लागतो, आणि इनपुट-आउटपुटच्या बहुतेक सेटिंगांचे महत्त्व याच एका गोष्टीवरून ठरते.

या सेटिंगांकडे वळण्यापूर्वी वारंवारतेचा प्रश्न मिटलेला असावा लागतो. भारतात २००५ च्या नियमांनुसार ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त झाला. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशा मर्यादा त्यात घालून दिल्या गेल्या. अमेरिकेसाठी बनवलेली बरीच उपकरणे ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्या पट्ट्याचा काही भाग भारतात मोबाइल सेवेच्या वाट्याला आलेला असल्याने, परदेशातून आणलेली पेटी मूळ सेटिंगवर तशीच चालू करणे हा नियमभंग ठरतो, शिवाय त्यातून इतरांच्या सेवेत अडथळाही येतो.

इनपुटांपैकी साधा प्रकार डिजिटल. त्याला 'आहे' आणि 'नाही' या दोनच अवस्था कळतात : फ्लोट स्विचचा संपर्क जुळला की सुटला, पंप चालू की बंद, पॅनेलचे दार उघडे की मिटलेले. यातला पहिला निर्णय विजेचा असतो, म्हणजे टर्मिनलला लागणारे व्होल्टेज कोण पुरवणार याचा. ज्या स्विचमध्ये स्वतःचे व्होल्टेज नसते, केवळ दोन धातूंचा स्पर्श असतो, त्याला 'ड्राय कॉन्टॅक्ट' म्हणतात आणि त्याच्यासाठी रेडिओनेच ते व्होल्टेज द्यावे लागते. दुसऱ्या पॅनेलकडून तयार २४ व्होल्टचा संकेत येत असेल तर रेडिओने केवळ तो ओळखायचा असतो. औद्योगिक नियंत्रकांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण २४ व्होल्टच्या इनपुटसाठी ५ व्होल्टपर्यंत 'नाही' आणि १५ व्होल्टच्या वर 'आहे' असे धरले आहे. मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची हमी नसते, त्यामुळे लांब, बारीक वायरमध्ये व्होल्टेज गळून संकेत त्या पट्ट्यात उतरला तर इनपुट लहरीपणे वागू लागते आणि दोष मात्र रेडिओच्या माथी मारला जातो.

दुसरा निर्णय अर्थाचा असतो. टाकी काठोकाठ भरली हे सांगणारा फ्लोट स्विच टाकी भरल्यावर जुळणारा घ्यावा की भरल्यावर सुटणारा, हा प्रश्न वरवर पाहता आवडीचा वाटतो, पण तो तसा नाही. स्विच एरवी जुळलेला आणि टाकी भरल्यावर सुटणारा घेतला तर फ्लोटची वायर कुरतडली गेली तरी रेडिओला तोच 'टाकी भरली' असा संकेत मिळतो व पंप थांबतो. उलट प्रकार घेतला तर तुटलेली वायर आणि रिकामी टाकी यांत फरक उरत नाही आणि पाणी वाहून जाते. रेडिओच्या सेटिंगमध्ये इनपुट उलटे वाचण्याची सोय असते, परंतु ती सोय तुटलेल्या वायरला बोलकी करू शकत नाही. स्विचची निवडच योग्य असावी लागते.

डिजिटल इनपुटचा तिसरा पैलू काळाचा आहे. धातूचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि त्या अवधीत इनपुटला एकाऐवजी अनेक संकेत दिसतात. म्हणून संकेत ठरावीक काळ स्थिर राहिल्याशिवाय तो खरा मानू नये अशी सेटिंग असते, तिला डिबाउन्स म्हणतात. पाण्याच्या मीटरचे स्पंद, म्हणजे पल्स, मोजताना या सेटिंगची खरी कसोटी लागते. दर १० लिटरला एक पल्स देणाऱ्या मीटरमधून सेकंदाला २० लिटर पाणी जात असेल तर सेकंदाला दोन पल्स येतात आणि प्रत्येकाचा जुळलेला काळ सुमारे पाव सेकंद भरतो. येथे डिबाउन्स २० मिलिसेकंद ठेवला तर थरथर गाळली जाते; तो ३०० मिलिसेकंद ठेवला तर एकही पल्स मोजला जात नाही आणि मीटर चालू असूनही नोंद शून्य राहते.

या मोजणीत आणखी एक निवड असते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. रेडिओने मागच्या संदेशानंतर आलेले पल्स पाठवायचे की सुरुवातीपासूनची एकूण बेरीज पाठवायची? पहिल्या पद्धतीत एक संदेश हरवला की त्यातले पाणी हिशेबातून कायमचे जाते. दुसऱ्या पद्धतीत दहा संदेश हरवले तरी अकरावा पोहोचताच हिशेब जुळतो. हवेतून जाणारे काही संदेश हरवणारच हे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेत एकूण बेरीजच पाठवली पाहिजे, ती वीज गेल्यावरही पेटीच्या स्मृतीत टिकली पाहिजे आणि तिच्यासाठी पुरेशी जागा राखली पाहिजे. १६ बिटांची बेरीज ६५,५३५ नंतर पुन्हा शून्यावर येते, म्हणजे वरच्या उदाहरणात ती नऊ तासांतच फिरते; ३२ बिटांची बेरीज चार अब्जांपलीकडे पोहोचते.

अ‍ॅनालॉग इनपुट कमी-अधिक होणारी राशी वाचतो, जसे पाण्याची पातळी, दाब, क्लोरिनचे प्रमाण. उद्योगात यासाठी ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाचा प्रघात आहे. त्याचे मूळ त्याआधीच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रणात सापडते, तेथे मोजमाप ३ ते १५ पीएसआय या पट्ट्यात नेले जाई. दोन्ही ठिकाणी राशी शून्य असतानाही संकेत शून्य नसतो, आणि यातच या पद्धतीचे शहाणपण आहे : टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर येतात, वायर तुटली असेल तर काहीच येत नाही. नामूर या युरोपीय संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीने हा भेद आणखी रेखीव केला, तिच्यानुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हे मोजमाप समजायचे, आणि ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला प्रवाह म्हणजे बिघाडाची सूचना समजायची. रेडिओच्या अ‍ॅनालॉग इनपुटवर या मर्यादा भरून ठेवल्या की बंद पडलेला सेन्सर 'शून्य मीटर' म्हणून नव्हे, तर 'बिघाड' म्हणून पुढे जातो.

मिलिअँपिअरचे मीटरमध्ये रूपांतर करण्याला स्केलिंग म्हणतात आणि बहुसंख्य चुका येथेच होतात. समजा, टाकी ५ मीटर खोल आहे आणि तळाशी सोडलेला दाबमापक सेन्सर ० ते १० मीटर पट्ट्याचा आहे. तेव्हा टाकी पूर्ण भरल्यावर प्रवाह १२ मिलिअँपिअर येईल, कारण ५ मीटर हे सेन्सरच्या पट्ट्याचे अर्धे आहेत. सेटिंग करणाऱ्याने सेन्सरच्या पट्टीऐवजी टाकीची खोली पाहून ४ मिलिअँपिअर म्हणजे ० आणि २० म्हणजे ५ मीटर असे भरले तर भरलेली टाकी पडद्यावर अडीच मीटर दिसेल, पंप थांबवण्याची पातळी कधीच गाठली जाणार नाही आणि पाणी ओसंडत राहील. सेन्सरच्या पट्टीवरील आकडा वाचूनच स्केलिंग भरावे. टाकीचे माप पंपाच्या सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या पातळ्या ठरवताना लागते.

प्रवाहाची ही साखळी, म्हणजे लूप, चालवणारे व्होल्टेज कुठून येते हेही पाहावे लागते. दोन तारांचा सेन्सर स्वतःची वीज लूपमधूनच घेतो आणि त्याला किमान १२ व्होल्ट लागत असतील, तर २४ व्होल्टच्या पुरवठ्यात उरलेले १२ व्होल्ट २० मिलिअँपिअरला भागून वायर व इनपुट मिळून ६०० ओहमपेक्षा अधिक रोध चालत नाही. रोध याहून जास्त झाला की टाकी अर्धी असताना आकडा बरोबर येतो आणि भरत आली की तो अडकतो. हा दोष शोधताना माणसे हैराण होतात.

वीज नसलेल्या टेकडीवर हाच सेन्सर बॅटरीवर चालवायचा असेल तर हिशेब बदलतो. ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम सेलमध्ये सुमारे ६८ वॅट-तास ऊर्जा असते. १८ व्होल्टवर २० मिलिअँपिअर घेणारा सेन्सर सतत चालू ठेवला तर ती आठ दिवसांत संपते. तोच सेन्सर दर पंधरा मिनिटांनी केवळ दहा सेकंद जागा केला तर नव्वदपट काळ, म्हणजे रेडिओचा स्वतःचा खर्च व इतर गळती सोडून सुमारे दोन वर्षे, पुरतो. म्हणून बॅटरीच्या रेडिओत सेन्सर जागा केल्यावर मोजमाप घेण्यापूर्वी किती थांबायचे ही एक वेगळी सेटिंग असते. ती कमी ठेवली तर अजून स्थिरावत असलेल्या सेन्सरचा खोटा आकडा पाठवला जातो. ती गरजेपेक्षा जास्त ठेवली तर बॅटरी वाया जाते.

मोजलेला आकडा केव्हा पाठवायचा, याचे दोन नियम एकत्र वापरले जातात. पहिला बदलाचा : पातळी ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे समजा ५ सेंटिमीटरपेक्षा, बदलली की संदेश पाठवायचा. पाण्याच्या लाटांमुळे होणारी बारीक हालचाल त्यामुळे हवेत जात नाही आणि वाहिनी मोकळी राहते. दुसरा नियम हजेरीचा : काहीही बदलले नाही तरी ठरावीक वेळाने संदेश पाठवायचाच. केवळ पहिला नियम ठेवला तर न बदललेली टाकी आणि मेलेला रेडिओ यांत फरक करता येत नाही, म्हणून हजेरीच्या संदेशाला काटकसरीच्या नावाखाली कधीही फाटा देऊ नये.

या हजेरीवरच सर्वांत महत्त्वाची सेटिंग उभी असते. जॅकवेलवरच्या रेडिओने किती वेळ वाट पाहून संपर्क तुटला असे मानायचे आणि मग आउटपुटचे काय करायचे, हे तिच्यात ठरते. या अवधीला टाइमआउट आणि नंतरच्या अवस्थेला फेल-सेफ म्हणतात. टाइमआउटचा आकडा बहुतेक वेळा रेडिओच्या सोयीने, हजेरीच्या तिप्पट वगैरे, ठरवला जातो. खरे तर तो पाण्यावरून ठरला पाहिजे. एक लाख लिटरच्या, ५ मीटर खोल टाकीचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर भरते. सेकंदाला २० लिटर पाणी देणारा पंप तिच्यात मिनिटाला १,२०० लिटर ओततो, म्हणजे पातळी मिनिटाला ६ सेंटिमीटर चढते. पंप थांबवण्याची पातळी ४.८ मीटर असेल तर वर २० सेंटिमीटर मोकळी जागा उरते आणि ती साडेतीन मिनिटांच्या आत संपते. पातळी ४.८ ला पोहोचण्याच्या बेतात असतानाच संपर्क तुटला, तर पंधरा मिनिटांचा टाइमआउट ९० सेंटिमीटर पाणी चढू देईल, अर्थात त्यातले बहुतेक ओसंडून जाईल. म्हणून येथे हजेरी एका मिनिटाची आणि टाइमआउट तीन मिनिटांचा हवा. तो साधत नसेल, कारण टाकीवरचा रेडिओ बॅटरीचा आहे, तर पंप थांबवण्याची पातळीच खाली आणावी लागते.

टाइमआउट संपल्यावर आउटपुटने बंद व्हावे, चालू व्हावे, की होते तसेच राहावे? टाकी भरणाऱ्या पंपासाठी 'बंद' हे उत्तर साधारणपणे योग्य आहे. पण पावसाळ्यात तळघरातून किंवा सखल भागातून पाणी उपसणाऱ्या पंपासाठी तेच उत्तर घातक आहे. तेथे संपर्क तुटल्यावर पंप चालू राहणे, आणि कोरडा चालण्यापासूनचे संरक्षण जागेवरच असणे, हे योग्य. कालव्याच्या दाराला दोन्ही टोके धोक्याची असतात, कारण अचानक बंद होणारे दार वरच्या बाजूला पाणी तुंबवते आणि अचानक उघडणारे खालच्या बाजूला लोंढा सोडते. तेथे दार आहे तेथेच थांबवून माणसाला कळवणे उत्तम. ज्या राशीचे रूपांतर पलीकडे पुन्हा ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये होते, तेथे संपर्क तुटल्यावर आउटपुट ३.६ च्या खाली, समजा ३.५ वर, न्यावा. म्हणजे पुढचे नियंत्रक तुटलेल्या तारेला ओळखते तसेच गप्प रेडिओलाही ओळखेल. हा निर्णय तंत्रज्ञाने एकट्याने घेऊ नये. योजना चालवणाऱ्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारून तो घ्यावा, कारण पंप चुकून थांबला तर गावाला पाणी किती तास पुरते हे त्यालाच ठाऊक असते.

आउटपुट जिथे प्रत्यक्ष मोटारीला भिडतो तेथे स्टार्टरची रचना पाहावी लागते. सुरू आणि बंद अशी दोन बटणे असलेल्या स्टार्टरला सुरू करण्यासाठी क्षणिक संकेत पुरतो आणि बंद करण्यासाठी साखळीतला एक संपर्क क्षणभर सुटावा लागतो. म्हणून सुरू करणारा आउटपुट एक-दोन सेकंदांच्या पल्सचा ठेवतात, आणि थांबवणारा रिले असा जोडतात की सर्व ठीक असताना तो उचललेला राहील व रेडिओची वीज गेली तरी तो गळून पंप थांबेल. रिलेच्या मागे कॉन्टॅक्टरची कॉइल असेल तर ती सुटताना उलट व्होल्टेजचा झटका देते. तो दाबणारा भाग, डीसी कॉइलवर साधा डायोड, बसवला नाही तर संपर्क जळतात.

वीज परत आल्यावर आउटपुटने काय करावे, ही सेटिंग महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात विशेष महत्त्वाची आहे. शेतीपंपांवर बसवलेल्या ऑटो-स्विचमुळे वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येऊन ते जळते, म्हणून हे स्विच काढण्याचे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करत आले आहे. चुकीच्या सेटिंगचा रेडिओ नेमका तोच ऑटो-स्विच बनतो. वीज आल्यावर आउटपुट बंदच राहावा, टाकीकडून ताजा आकडा आल्याशिवाय काही करू नये आणि आल्यावरही प्रत्येक ठिकाणी वेगळा असा काही मिनिटांचा विलंब असावा. याच न्यायाने, वीज गेल्याची बातमी सर्व रेडिओंनी एकाच क्षणी पाठवू नये म्हणून संदेशांतही थोडा अनियमित विलंब ठेवतात, नाहीतर ते हवेत एकमेकांवर आदळतात.

रेडिओकडचे आकडे संगणकाच्या पडद्यावर न्यायचे असतील तर बहुधा मॉडबस ही भाषा वापरली जाते. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली. तिच्यात मोजलेल्या आकड्यांना रजिस्टर नावाचे १६ बिटांचे क्रमांकित कप्पे मिळतात, तर 'आहे' किंवा 'नाही' अशा अवस्थांना एकेका बिटाचे. दोन जुन्या खोड्या मात्र येथे कायम भेटतात : कागदावर ४०००१ लिहिलेले रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात शून्य क्रमांकाचे असते, त्यामुळे एका घराने चुकलेला आकडा सहज वाचला जातो, आणि ३२ बिटांची बेरीज दोन रजिस्टरांत विभागताना अर्धे उलटसुलट झाले की एक पल्स ६५,५३६ दिसतो.

या साऱ्या सेटिंगांना एक स्पष्ट मर्यादा आहे. माणसाच्या जिवाशी संबंधित आणीबाणीची थांबवणी साध्या इनपुट-आउटपुट रेडिओवर सोपवू नये, त्यासाठी सुरक्षेची मान्यता असलेली स्वतंत्र साधने असतात. आणि पंप कोरडा चालण्यापासूनचे किंवा एक फेज जाण्यापासूनचे संरक्षण जॅकवेलच्या पॅनेलमध्येच, तारेने जोडलेले असावे.

सेटिंग पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा आकड्यांनी घ्यावी लागते. सेन्सर सोडवून लूप कॅलिब्रेटरने ४, १२ आणि २० मिलिअँपिअर द्यावेत व पलीकडे ०, ५ आणि १० मीटर दिसतात का ते पाहावे. मग वायर मोकळी करून 'बिघाड' येतो का ते पाहावे. शेवटी पंप चालू असताना टाकीवरच्या रेडिओची वीज तोडून, घड्याळ लावून, पंप तीन मिनिटांत थांबतो याची खात्री करावी. यासाठी अँटेना काढू नये, कारण अँटेनाविना प्रक्षेपण केल्यास काही रेडिओंचा प्रक्षेपक भाग निकामी होऊ शकतो. रेडिओ बदलल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण कारखान्यातून आलेल्या नव्या पेटीत आउटपुट 'होते तसेच' ठेवणारी मूळ सेटिंग असू शकते. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे कारण लिहिलेला कागद पॅनेलच्या दारात असावा. सेकंदाला ३० लिटरचा मोठा पंप बसवला गेला तर तीच २० सेंटिमीटर जागा सव्वादोन मिनिटांत भरते आणि तीन मिनिटांचा टाइमआउट अपुरा पडतो, हे त्या कागदावरूनच पुढच्या माणसाला ताडता येते.